छंदाच्या कुदळीला वाट, पोटाच्या कुदळीला दंड



वेरूळची लेणी पाहून पाहुणा बाहेर आला की दगड विकणारी पोरे त्याला गराडा घालतात. कागदात गुंडाळलेले पांढरे, हिरवट, गुलाबी झाक असलेले चकाकते स्फटिक. अजिंठ्याच्या पायथ्यालाही हाच बाजार. पाहुण्याला त्याचे अप्रूप, आपल्याला नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर आपण शेती करतो. त्या थरांतल्या पोकळ्यांत गारगोट्या आणि स्फटिक वाढले. विहिरीत सुरुंग उडाला की काळा पाषाण फुटतो आणि त्याच्या पोटातून हे चमकते दाणे बाहेर पडतात. गायरानात गुरे वळणारे पोर ओढ्यातला असा एखादा दगड खिशात घालते, घरी आणून कोनाड्यात ठेवते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून. कलम ४८ चे पहिले पोटकलम सांगते की खनिज जमिनीवर असो की जमिनीखाली, खाणीत असो की शेतात, बांधात असो की नाल्यात, त्यावरचा हक्क राज्य सरकारचा. त्याच कलमाचे सातवे पोटकलम सांगते की अशा ठिकाणाहून जो कोणी परवान्याशिवाय खनिज काढेल, नेईल, गोळा करेल किंवा उचलेल, त्याला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. नुसते उचलले तरी! म्हणजे ते गुरे वळणारे पोर कायद्याच्या अक्षराने गुन्हेगार ठरते. गंमत पुढेच आहे. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, २०१५ सालापासून गौण खनिजांच्या यादीत होती. २० फेब्रुवारी २०२५ ला केंद्र सरकारने तिला तिथून काढून प्रमुख खनिजांत नेऊन बसवले. गारगोटीच्या शिरांसोबत काही ठिकाणी मोलाची धातुखनिजे सापडतात, हे त्यामागचे कारण. आपल्या काळ्या पाषाणाशी त्याचा काही संबंध नाही. पण कायद्याला खडक कळत नाहीत, यादी कळते.

कोणी म्हणेल, गारगोटीवरून कोण कोणाला पकडतो? खरे आहे, कोणी पकडत नाही. पण ज्या कलमात गारगोटी येते त्याच कलमात बांधाचा दगड येतो, आणि बांधाच्या दगडावरून मात्र पकडतात.

बांध ही ‘सबब’ कशी झाली?

कलम ४८ (७) ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते एकदा वाचावेच. त्यात शेत आणि बांध यांचा उल्लेख येतो आणि लगेच कंसात सांगितले आहे की शेताचा बांध घालण्याची किंवा दुरुस्त करण्याची सबब पुढे केली तरी सुटका नाही. बांध घालणे ही कायद्याच्या भाषेत सबब आहे, बहाणा आहे! शेतकी कॉलेजात आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवले होते की कोरडवाहू शेतीत माती अडली तर पाणी अडते आणि पाणी अडले तर पीक उभे राहते. सरकारचे कृषी खाते दरवर्षी बांधबंदिस्तीचे बोर्ड रंगवते. त्याच सरकारचे महसूल खाते त्याच बांधाला सबब म्हणते. डावा हात बांध घाल म्हणतो, उजवा हात कान पिरगाळतो.

मागच्या एका बैठकीत एक शेतकरी उभा राहिला. गावाचे नाव लिहीत नाही, कारण त्याला अजून त्याच कचेरीत जायचे आहे. पाच एकर मुरमाड रान, निम्म्यात कपाशी, निम्म्यात ज्वारी. पावसाळ्यात नाल्याकडचा बांध फुटला. उन्हाळ्यात त्याने गायरानाच्या कडेचा दगड आणि मुरूम दोन ट्रॉल्या भरून आणायचे ठरवले. दुसरी ट्रॉली वाटेत अडवली गेली. ट्रॅक्टर भाड्याचा होता. पंचनामा झाला, ट्रॅक्टर कचेरीच्या आवारात लागला. मुरमाचा दंड वेगळा, वाहन सोडवण्याचा आकडा वेगळा, आणि तो लाखाच्या घरात. त्या वर्षीच्या कपाशीचे सगळे पैसे आले नसते इतका. ट्रॅक्टरवाल्याशी वैर आले, बांध तसाच उघडा राहिला, आणि पुढच्या पावसात अर्ध्या एकराची माती नाल्यात गेली.

त्याने शेवटी एकच प्रश्न विचारला. “मी ट्रॉली भरत होतो तेव्हा त्याच गायरानाच्या दुसऱ्या अंगाला खडीचे मशीन चालू होते. डंपर माझ्या समोरून जात होते. त्यांच्यापाशी कागद होता. माझ्यापाशी बांध होता. मग चोर कोण?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या बैठकीत देता आले नाही. म्हणून हा लेख.

हिशेबच करायचा तर करू. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. एका एकरावरची एक इंच माती म्हणजे ३,६३० घनफूट, म्हणजे ३६ ब्रासांहून अधिक. १ जुलै २०२१ पासून सरकारने गौण खनिजाची रॉयल्टी ब्रासला ६०० रुपये केली. त्या दराने एकरभर इंचभर माती २१,००० रुपयांच्या वरची झाली. ती पावसाबरोबर वाहून जाते तेव्हा कोणी पंचनामा करत नाही. ती अडवायला दोन ब्रास मुरूम आणला तर मात्र पंचनामा तयार!

लांबच्या देशांत काय चालते?

आता थोडे बाहेर पाहू. अमेरिकेत सरकारी रानांचा प्रचंड पसारा आहे. १९७६ च्या कायद्याने ठरवले की ही जमीन एकाच कामाची नाही. चराई, लाकूड, खाणी, पाणी, शिकार, फिरणे, सगळे वापर एकमेकांना सांभाळून चालावेत. त्याच जमिनीवर सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून दगड गोळा करायला माणसे जातात. त्यांच्यासाठी नियम आहेत. दगड झालेले जुने लाकूड घ्यायचे असेल तर माणशी दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंडांपर्यंत. स्वतःसाठी घ्यायचे, विकायचे नाही. त्यासाठी पैसे नाहीत, परवाना नाही. न्यूझीलंडमध्ये सरकारने काही नदीकाठ हौशी लोकांसाठी राखून ठेवले आहेत. परात, फावडे घेऊन जा, सोने सापडले तर तुमचे, मात्र इंजिन लावायचे नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात १९९४ चा खास कायदाच आहे. हौशी माणसाने परवाना काढावा, हाताची अवजारे वापरावीत, जमीनधारकाची संमती घ्यावी.

ही माणसे पोटासाठी खणत नाहीत. त्यांचा तो विरंगुळा आहे. आम्ही त्यांच्या विरंगुळ्याची नक्कल मागत नाही. आमच्याकडे मे महिन्याच्या उन्हात दगड वेचायला कोणाला हौस नाही. पण त्या नियमांमागचे शहाणपण बघा. तिथल्या सरकारने चार प्रश्न विचारले. अवजार कोणते? माल किती? कशासाठी? आणि शेजारच्या वापराला इजा होते का? हाताचे अवजार, मोजका माल, स्वतःचा वापर आणि इजा नाही, अशी चार उत्तरे मिळाली की तो माणूस खाणवाला नाही हे कायद्याने मान्य केले.

आमच्याकडे १९५७ चा खाण आणि खनिज कायदा आहे. त्यात शोधाला परवाना, खाणीला पट्टा, आणि दोन्ही नसतील तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. या कायद्याला कंपनी दिसते आणि चोर दिसतो. कुदळ घेतलेला गावकरी तिसरा कोणी असू शकतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. एका देशात छंदाच्या कुदळीला वाट आहे, आपल्या देशात पोटाच्या कुदळीला दंड आहे.

सरकारला हे कळत नाही असे नाही

कोणी म्हणेल, सवलती आहेत की! आहेत, आणि त्या प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. गावच्या कुंभाराला वर्षाला ५०० ब्रासपर्यंत मातीवर रॉयल्टी नाही. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तेव्हा तलावातला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ दिला. आमच्या मते ती अलीकडच्या काळातली शहाणी योजना. मुरमाड रानावर गाळ पडला की ओल टिकते, पावसाने ताण दिला तरी कपाशी तग धरते. १५ जानेवारी २०१६ च्या केंद्राच्या पर्यावरण अधिसूचनेत तर चक्क यादी दिली आहे. कुंभाराची माती, पुरानंतर शेतात साचलेली वाळू काढणे, सिंचनाची विहीर खणणे, गावतळ्यातला गाळ काढणे, आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतून स्वतःच्या वापरासाठी किंवा गावकामासाठी परंपरेने माती-वाळू घेणे. या सगळ्यांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. दिल्लीत बसून कोणीतरी ‘परंपरेने’ हा शब्द लिहिला, म्हणजे गावाचा वहिवाटीचा हक्क दिल्लीला माहीत आहे.

पण ही सूट फक्त पर्यावरण मंजुरीपुरती. महसुलाचे कलम जागच्या जागी आहे. आणि सवलत म्हणजे हक्क नव्हे. सवलत योजनेबरोबर येते आणि योजनेबरोबर जाते. सवलतीसाठी अर्ज लागतो, अर्जाला टेबल लागते, टेबलाला काय लागते ते तुम्ही जाणता.

या सवलतींच्या यादीत मोठे लोक कसे शिरतात तेही पाहा. २८ मार्च २०२० ला, देश टाळेबंदीत असताना, याच यादीत बदल झाला आणि रस्ते, पाइपलाइन अशा लांबलचक प्रकल्पांसाठी माती काढायलाही पर्यावरण मंजुरीतून सूट मिळाली. माती किती आणि कुठून, याची मर्यादा घातली नाही. चार वर्षे हे चालले. २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. कुंभाराच्या आणि विहिरीच्या रांगेत महामार्ग येऊन उभा राहिला होता, त्याला न्यायालयाला बाजूला काढावे लागले.

आणखी एक निकाल लक्षात ठेवा. ३ डिसेंबर २०१४. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर भरावाला वापरली, तर नुसती खणली म्हणून दंड लावता येणार नाही. ती कशासाठी वापरली हे बघावे लागेल. न्याय बरोबर आहे. आमचे म्हणणे एवढेच की बिल्डरच्या मातीला जो प्रश्न विचारला जातो तोच शेतकऱ्याच्या मातीलाही विचारा. बिल्डरजवळ दिल्लीपर्यंत जायला वकील होता. आमच्या माणसाजवळ परत यायच्या एसटीचे पैसे होते.

गायरान कोणाचे?

आता आपल्याच घरात डोकावू. गायरान ही महसूल अधिनियमाच्या कलम २२ खाली गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखलेली जमीन. जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून तिचा दुसरा वापर करता येत नाही. पण प्रत्यक्षात गायरान एका कामाचे कधीच नव्हते. तिथे गुरे चरतात, मेंढरे बसतात. गोवऱ्या आणि सरपण तिथून येते. पांढरी माती, मुरूम, दगड तिथूनच येतो. आणि तिथेच भूमिहीनांनी घाम गाळून पोटापुरते रान केले आहे. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, त्यात मराठवाड्याची माणसे तुरुंगात गेली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची वहिवाट नियमित करायचे ठरले. मुरमाचा हक्क मागताना त्या माणसाच्या रानात खड्डा पाडणारा आमचा सोबती नव्हे, हे आम्ही आधीच बजावून ठेवतो.

हे सगळे वापर पिढ्यान् पिढ्या एकमेकांना सांभाळून चालले, कारण त्यांतला एकही वापर दुसऱ्याला मारून टाकत नव्हता. कुदळीने काढलेल्या मुरमाच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचते, गुरे तिथे पाणी पितात. पण खडीचे मशीन आले की चराई संपते. धूळ कपाशीच्या पानांवर बसते, कडब्यावर बसते. सुरुंगाने विहिरीच्या कडा ढासळतात. सगळ्या वापरांना मारणारा वापर तेवढा एकच, आणि पट्टा नेमका त्यालाच मिळतो!

पोकलेन आमच्याही अंगणात आहे

आमचे विरोधक म्हणतील, शेतकऱ्याला मोकळीक दिली की मुरूम-माफिया त्याच्या सातबाऱ्याआड लपेल. हा आक्षेप खोटा नाही. शेततळ्याच्या नावाखाली मुरूम विकला गेल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ज्यांनी विकला त्यांतले काही आमच्याच मेळाव्यात टाळ्या वाजवत होते. ज्याच्या दारात पोकलेन उभे आहे तो गरीब शेतकऱ्याचे रडगाणे गातो, तेव्हा त्याचे तोंड आपणच बंद केले पाहिजे. नाहीतर कुदळीचा हक्क मागताना आपण पोकलेनचे वकील होऊ.

म्हणूनच आमची मागणी सरसकट माफीची नाही. सरसकट माफीचा फायदा ज्याच्याकडे मोठे यंत्र त्यालाच होतो. अवजार आणि माप ठरवून दिलेला हक्क आम्हाला हवा. कुदळ, फावडे, पहार, बैलगाडी आणि फार तर एक ट्रॉली, याने कोणी डोंगर गिळत नाही. माफिया कुदळीने खणत नाही. त्यामुळे अवजाराची अट घातली की साव आणि चोर आपोआप वेगळे होतात. पथकालाही तपासणी सोपी. यंत्र दिसले तर धरा, कुदळ दिसली तर सोडा.

वाळू आम्ही या मागणीत घेत नाही. नदीतली वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरी त्यावर जगतात. गोदावरीच्या काठच्या शेतकऱ्याला हे आम्ही सांगायला नको. शेजाऱ्याच्या विहिरीला झळ लावणारा हक्क आम्हाला नको.

राहिला प्रश्न तिजोरीचा. शेतकऱ्याच्या दोन ट्रॉल्यांनी सरकारची तिजोरी भरत नाही आणि रितीही होत नाही. त्या दोन ट्रॉल्यांवरच्या दंडाने फक्त धाक भरतो. आणि धाकाच्या जिवावर पंचनाम्याबाहेर जो व्यवहार होतो, त्याची पावती कोणत्याच तिजोरीत जात नाही.

आमच्या मागण्या

जिल्हा मेळाव्यात पुढील ठराव मांडायचा आहे. प्रत्येक गावाने आधी आपल्या चावडीवर तो वाचावा, वाद घालावा, दुरुस्त्या सुचवाव्यात.

१. गावातला खातेदार, भूमिहीन आणि कारागीर यांना स्वतःच्या शेत, घर, विहीर आणि बांध यांच्या कामासाठी गावच्या हद्दीतल्या सरकारी जमिनीतून माती, मुरूम, दगड आणि गाळ हाताच्या अवजाराने घेण्याचा हक्क नियमात लिहावा. कुटुंबामागे वर्षाला दहा ब्रास ही आमची सूचना. विक्री केली तर हक्क जाईल.

२. कलम ४८ (७) मधला बांधाच्या ‘सबबी’चा उल्लेख काढून टाकावा. बांध ही सबब नाही, शेती आहे.

३. खणायची जागा ग्रामसभेने नेमून द्यावी. चराईचा पट्टा, पाणवठा, स्मशान, वाट आणि भूमिहीनांची वहिवाट सोडून. खड्डा संपला की त्याचे तळे करावे किंवा तो बुजवावा.

४. गायरानावर खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची संमती बंधनकारक करावी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आवश्यक केली आहे. आपला जिल्हा त्या क्षेत्रात येत नाही, म्हणून आपल्या ग्रामसभेला अक्कल कमी आहे काय?

५. गावातला प्रत्येक चालू पट्टा, त्याचा गट नंबर, मुदत आणि मंजूर ब्रास ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. आमच्या ट्रॉलीचा हिशेब घ्या, डंपरचा हिशेब आम्हाला द्या.

६. हाताने उचललेल्या सुट्या दगडाला, गारगोटीला ‘उचलणे’ या शब्दातून मोकळे करावे. लेण्यांची आणि संरक्षित स्मारकांची हद्द अर्थातच वगळून, तिथला दगड सगळ्यांचा ठेवा आहे.

मेळाव्याला येताना रिकाम्या हाताने येऊ नका. ज्यांना अशा दंडाच्या नोटिसा आल्या आहेत त्यांनी नोटिशीची झेरॉक्स आणावी, भीड धरू नये. ज्यांच्या गावात गायरानावर पट्टा आहे त्यांनी गट नंबर लिहून आणावा. आणि ज्याच्या बैठकीतल्या प्रश्नावरून हे सगळे लिहिले, त्यालाही आम्ही आणणार आहोत. त्याने तोच प्रश्न पुन्हा, यावेळी सगळ्यांसमोर विचारावा.

बांध आपल्याला घालायचाच आहे. तो फुटला तर माती आपली जाणार, कलमाची नाही.